ओव्हनशिवाय आंबा चीजकेक : चक्का, चायना ग्रास आणि कामाचा क्रम

ओव्हन न लावता केलेला चीजकेक सोपा असतो, ही समजूत खरी आहे; मात्र सोपा आहे म्हणून तो कोणत्याही क्रमाने केला तरी जमतो, ही समजूत खरी नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या उन्हाळ्यात तो फसण्याचे प्रकारही ठरलेले असतात. सुरी लावताच खालचा बिस्किटांचा थर भुगा होऊन सुटतो किंवा इतका कडक निघतो की चमचा वाकतो. वरच्या थरात रबरी तंतू आणि गुठळ्या लागतात. अथवा रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही कापल्यावर बशीत पाणी सुटते. अशा वेळी बहुतेक जण प्रमाण बदलतात, पुढच्या खेपेला चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून केलेले, थर घट्ट धरवणारे अगर-अगर) वाढवतात आणि आणखी रबरी केक पदरात पाडून घेतात. दोष बहुधा प्रमाणात नसतो. एकमेकांत मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांचे तापमान आणि कशात काय घालायचे याचा क्रम, या दोन ठिकाणी तो असतो.

पुढील कृतीत क्रीम फेटायचे नाही, त्यामुळे बीटर लागत नाही. फेटलेल्या क्रीमचा चीजकेक अधिक हलका होतो हे मान्य आहे, पण किराणा दुकानात मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम कितीही फेटले तरी फुलून उभे राहत नाही, आणि अनेकांचा पहिला घात तेथेच होतो. चक्का, आमरस आणि साधे फ्रेश क्रीम यांचा थर थोडा दाट, श्रीखंडाच्या अंगाने जाणारा होतो. आंब्याबरोबर तो अधिक शोभतो, असे माझे मत आहे.

साहित्य आणि वजने

हे प्रमाण ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाच्या, कडा सुटणाऱ्या साच्यासाठी आहे. आठ ते दहा तुकडे होतात.

तळासाठी: मारी बिस्किटे १८० ग्रॅम आणि वितळवलेले बटर ९५ ग्रॅम. डायजेस्टिव्ह बिस्किटे घेतल्यास त्यांत मुळातच स्निग्धांश अधिक असल्याने बटर ७५ ग्रॅम पुरते.

मधल्या थरासाठी: घट्ट चक्का ४०० ग्रॅम, फ्रेश क्रीम २०० मिलिलिटर, पिठीसाखर ९० ग्रॅम, दाट आमरस ३०० ग्रॅम, चायना ग्रासची पावडर ६ ग्रॅम, पाणी १५० मिलिलिटर, चिमूटभर मीठ आणि हवी असल्यास वेलचीपूड.

वरच्या चकाकीसाठी: आमरस १२० ग्रॅम, पाणी ८० मिलिलिटर, चायना ग्रासची पावडर दीड ग्रॅम, साखर एक पोह्यांचा चमचा.

चायना ग्रास चमच्याने मोजू नये. पावडरीचा दळ कंपनीगणिक बदलतो आणि त्यामुळे एकाच चमच्यात मावणारे वजनही बदलते. छोटा वजनकाटा नसल्यास १० ग्रॅमचे पाकीट कागदावर ओतून सुरीने सारखे भाग पाडावेत. हा उपाय चमच्यापेक्षा भरवशाचा आहे. काड्यांच्या स्वरूपातले चायना ग्रास घेतल्यास वजन तेवढेच ठेवावे, मात्र भिजवण्याचा आणि उकळण्याचा वेळ वाढतो. तो चौथ्या टप्प्यात दिला आहे.

जिलेटिनबद्दल विचारणा नेहमी होते. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने शाकाहारी घरात ते चालणार नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण हवामानाचे आहे. जिलेटिनने धरलेला थर सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडून वितळू लागतो, आणि मे महिन्यात येथील दिवाणखान्याचे तापमान तेवढे सहज असते. चायना ग्रासचा थर एकदा धरला की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याखेरीज वितळत नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या गप्पा लांबल्या तरी तुकडा बशीत उभा राहतो.

वेळेची आखणी

रविवारी दुपारी वाढायचे असल्यास शुक्रवारी रात्री दही टांगावे, शनिवारी संध्याकाळी चीजकेक जमवावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. प्रत्यक्ष हाताचे काम तासा-सव्वातासाचे आहे. उरलेला सगळा वेळ थांबण्याचा आहे, आणि घाई नेमकी त्या थांबण्यातच केली जाते. सकाळी सुरुवात करून दुपारी वाढण्याचा बेत असेल, तर हा पदार्थ निवडू नये.

टप्पा १ : चक्का

घरच्या चक्क्यासाठी सायीसकट दुधाचे सव्वा किलो गोड दही घ्यावे. एक किलो दह्यातून साधारण ३५० ते ४५० ग्रॅम चक्का निघतो. दही किती दाट आहे यावर ते अवलंबून असते. स्वच्छ मलमलच्या फडक्यात दही बांधून पहिले तास-दीड तास ओट्यावर टांगावे, म्हणजे बरेचसे पाणी लवकर उतरते. त्यानंतर पुरचुंडी चाळणीत ठेवून, चाळणीखाली पातेले देऊन, वर एखादे वजन ठेवून सगळे फ्रिजमध्ये सरकवावे आणि किमान आठ तास निथळू द्यावे.

सावधान: एप्रिल-मे महिन्यात दही रात्रभर बाहेर टांगून ठेवण्याची जुनी सवय येथे मोडावी. उकाड्यात दही आंबट होत राहते, आणि सकाळी हाती येणाऱ्या चक्क्याचा आंबटपणा झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते. साखर वाढली की चक्का पातळ होतो, आणि सगळे गणित तेथून बिघडत जाते.

डेअरीतला तयार चक्का वापरण्यास काहीच हरकत नाही. गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आसपास तो ठाण्यात बहुतेक दुग्धालयांत मिळतो. एरवी आदल्या दिवशी सांगून ठेवलेले बरे. मात्र विकतचा चक्का बहुधा ओलसर असतो, त्यामुळे घरी आणल्यावर तो फडक्यात बांधून आणखी एक-दोन तास फ्रिजमध्ये निथळू द्यावा. वजन निथळल्यानंतर करावे, आधी नव्हे.

तपासणी: चक्क्याचा सुपारीएवढा गोळा टिपकागदावर दहा मिनिटे ठेवावा. गोळ्याभोवती ओलावा पसरला, तर चक्का अजून तयार नाही. कापल्यावर बशीत सुटणाऱ्या पाण्यापैकी बरेचसे येथेच अडवता येते.

निथळून आलेले पाणी फेकू नये. कढीत किंवा पोळ्यांची कणीक भिजवताना ते उपयोगी पडते.

टप्पा २ : आमरस

हंगामात मध्यम आकाराचे चार हापूस आंबे पुरतात. जांभळी नाक्याच्या बाजारातून घ्या किंवा वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून पेटी आणून वाटून घ्या, फळ कापल्यावर गर मात्र नीट पाहावा. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे वरून सुंदर दिसणाऱ्या फळाच्या आत पांढरट, पोकळ, आंबूस गर असतो. तो भाग पूर्ण काढून टाकावा. थोडासाही आमरसात गेला तर सगळ्या केकला उतरलेली चव येते.

गर मिक्सरमधून काढून गाळणीवर घोटावा. हापूसचा रस सहसा दाटच असतो. पायरीचा रस चवीला उत्तम पण पातळ आणि रेषाळ असतो, तसेच हंगामाच्या अखेरीस, पहिल्या पावसानंतर येणारे आंबे बरेचदा पाणचट असतात. असा रस ४०० ग्रॅम घेऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत ढवळत, ३०० ग्रॅम होईपर्यंत आटवावा.

हंगाम संपल्यावर डबाबंद आमरस वापरावा. त्यात बहुधा साखर मिसळलेली असते. डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा आणि साखर असल्यास पिठीसाखर ९० ऐवजी ५० ग्रॅम घालावी.

सावधान: आंब्याऐवजी अननस, पपई किंवा किवी वापरायची असल्यास फळ आधी उकळून घ्यावे. या फळांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात, आणि कच्च्या अननसाचा केक दुसऱ्या दिवशी कडू लागतो. चायना ग्रास धरण्याशी याचा संबंध नाही. केक छान कापला जातो, पण खाववत नाही.

टप्पा ३ : तळाचा थर

बिस्किटांचे पाकीट आयत्या वेळी फोडावे. दमट हवेत तासाभर उघडी राहिलेली बिस्किटे सादळतात आणि सादळलेल्या बिस्किटांचा तळ कितीही दाबला तरी लिबलिबीत राहतो. ती आधीच सादळली असतील तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करून, पूर्ण गार करून मगच वापरावीत.

बिस्किटे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावीत. भुगा जाडसर रव्याइतका हवा. पिठासारखा बारीक केला तर तो अधिक बटर पितो आणि फ्रिजमध्ये कडक होतो. बटर वितळवून, कोमट करून भुग्यात घालावे आणि हाताने चोळून सगळीकडे लावावे. मिठाचे बटर चालते, नव्हे ते अधिक चवदार लागते, कारण वरचा थर गोड असतो. तूप वापरायचे असल्यास बटरच्या चार-पंचमांश घ्यावे, कारण बटरमध्ये पाण्याचा अंश असतो आणि तुपात नसतो. खोबरेल तेल मात्र टाळावे. ते २४ अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे ठाण्याच्या हवेत असा तळ फ्रिजबाहेर पाच मिनिटांत पसरतो.

तपासणी: मिश्रण मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा आणि बोटाने टोचताच तो मोडावा. मुटका होतच नसेल तर एक चमचा बटर वाढवावे. तळव्याला बटर चकाकत राहिले असेल तर दोन बिस्किटे आणखी चुरून घालावीत.

साच्याच्या तळाला आणि कडेला बटर पेपर लावून मिश्रण पसरावे आणि सपाट बुडाच्या वाटीने दाबून बसवावे. पूर्ण ताकद लावू नये. मधला भाग लोक जोर लावून दाबतात आणि कडा तशाच सैल सोडतात. तुकडा काढताना कडेचा चुरा होतो तो यामुळे. आधी कडेने फिरून मग मध्याकडे यावे. साचा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा.

कडा सुटणारा साचा नसल्यास स्टीलचा पसरट डबा घ्यावा आणि त्यात बटर पेपरच्या दोन रुंद पट्ट्या अधिकचिन्हासारख्या, टोके बाहेर ठेवून घालाव्यात. त्यांना धरून केक वर उचलता येतो. इतकाही खटाटोप नको असेल तर काचेचे ग्लास किंवा वाट्या वापराव्यात. तसे करताना मधल्या थरातील चायना ग्रास ४ ग्रॅमवर आणावे, कारण थराला उभे राहायचे नसते.

टप्पा ४ : जुळवणी

सगळी कृती या टप्प्यावर तोललेली आहे, म्हणून तो हाती घेण्यापूर्वी संपूर्ण वाचावा.

चायना ग्रास उकळत्या पाण्यात विरघळते आणि मिश्रण थंड होत साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान आले की धरू लागते. त्यासाठी फ्रिज लागत नाही. आपल्या घरातल्या हवेतही ते धरते. म्हणजेच फ्रिजमधून काढलेल्या गार चक्क्यात चायना ग्रासचे गरम पाणी ओतले, तर जेथे थेंब पडतो तेथेच तो धरतो. ढवळेपर्यंत थांबत नाही. तंतू आणि गुठळ्या होतात त्या अशा.

आकड्यांत सांगायचे तर, आटून १२० ग्रॅम राहिलेले ९५ अंशांचे चायना ग्रासचे पाणी ५५ अंशांच्या ३०० ग्रॅम आमरसात मिसळले की मिश्रण सुमारे ६६ अंशांवर येते. त्यात ३० अंशांचा चक्का, क्रीम आणि साखर मिळून ६९० ग्रॅम घातले, तर सगळे मिळून ४३ अंशांच्या आसपास राहते. ते ओतण्याजोगे असते आणि साच्यात गेल्यावर धरते. हाच चक्का फ्रिजमधला ६ अंशांचा असेल, तर सगळे मिश्रण ३० अंशांच्याही खाली जाते आणि पातेल्यातच धरते. प्रमाण तेच, साहित्य तेच. फरक केवळ चक्का कधी बाहेर काढला याचा असतो.

४ अ. चक्का आणि क्रीम. दोन्ही किमान एक तास आधी फ्रिजबाहेर काढावीत. चक्का पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा गाळणीतून घासून काढावा, मग क्रीम आणि मीठ घालून रवीने हलक्या हाताने एकजीव करावा. पिठीसाखर शेवटी, पुढच्या पायरीला हात घालण्याच्या वेळीच मिसळावी, कारण साखर मिसळलेला चक्का ठेवला की सैल होत जातो. मिश्रणाच्या पातेल्याला बाहेरून हात लावला असता ते गार लागता कामा नये.

सावधान: स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत वातानुकूलन सुरू असेल आणि चक्का तेथे ठेवला असेल, तर तो २४ अंशांवरच राहतो आणि शेवटचे मिश्रण ४० अंशांच्या काठावर येते. अशा वेळी पातेले कोमट पाण्याच्या परातीत दहा मिनिटे ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत हा केक केल्यास हीच काळजी घ्यावी.

४ आ. चायना ग्रास. १५० मिलिलिटर गार पाण्यात पावडर भुरभुरवून दहा मिनिटे भिजू द्यावी. गरम पाण्यात पावडर टाकली की तिच्या गोळ्या होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. नंतर मध्यम आचेवर ढवळत उकळी आणावी आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन मिनिटे उकळू द्यावे. काड्या असतील तर कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवाव्यात, पाच ते सात मिनिटे उकळाव्यात आणि गाळून घ्याव्यात. त्यात पाणी फार आटले तर दोन चमचे उकळते पाणी घालावे.

चायना ग्रास थेट आमरसात उकळण्याचा मोह टाळावा. फळाच्या आंबटपणात उकळत राहिल्यास त्याची धरण्याची ताकद घटते, शिवाय दाट रसात ते पुरते विरघळले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

तपासणी: चमचा बुडवून उलटा धरावा. त्यावरचा थर काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे. कण दिसत असतील तर आणखी एक मिनिट उकळावे.

४ इ. आमरस. चायना ग्रास उकळत असतानाच शेजारच्या शेगडीवर आमरस गरम करावा. तो उकळायचा नाही; वाफ दिसू लागली आणि बोट दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक ठेववेना, इतका गरम पुरे. उकळते चायना ग्रासचे पाणी या गरम आमरसात ओतून अर्धा मिनिट ढवळावे आणि गॅस बंद करावा. वेलचीपूड आता घालावी.

४ ई. चक्का आमरसात. येथे क्रम उलटा होता कामा नये. आमरस चक्क्यात ओतायचा नाही. चक्क्याचे मिश्रण आमरसात घालायचे. आमरसाचे पातेले मोठे असावे. त्यात चक्क्याचे मिश्रण एक-एक डाव घालत जावे आणि प्रत्येक डावानंतर रवीने कडा-बुडासकट ढवळावे. अशाने मिश्रण ६६ अंशांवरून हळूहळू ४३ अंशांकडे उतरते आणि शेवटचा डाव पडेपर्यंत धरण्याच्या तापमानाच्या वरच राहते. क्रम उलटा केला, तर पहिलीच धार भरपूर चक्क्यात पडून लगेच निवते आणि बरोबर तापमानाचा चक्का घेऊनही गुठळ्या होतात.

सगळे काम तीन-चार मिनिटांत उरकावे. या वेळेत फोन घेऊ नये, दार उघडायला जाऊ नये.

तपासणी: गार बशीवर चमचाभर मिश्रण टाकून ती बशी दोन मिनिटे फ्रिजरमध्ये ठेवावी. बशी तिरकी केल्यावर मिश्रण ओघळले नाही तर सगळे ठीक आहे. ओघळले, तर दीड ग्रॅम चायना ग्रास ५० मिलिलिटर पाण्यात वेगळे उकळून, पातेले मंद आचेवर धरून, बारीक धारेने मिसळावे. हा उपाय साच्यात ओतण्यापूर्वीच करता येतो, नंतर नाही.

टप्पा ५ : ओतणे आणि वरचा थर

साचा फ्रिजमधून काढून मिश्रण त्यात ओतावे. सरळ धार बिस्किटांच्या थरावर पडली तर तो उकरला जातो, म्हणून उलट्या चमच्यावरून ओतावे. साचा ओट्यावर दोनदा हलकेच आपटून बुडबुडे काढावेत आणि फ्रिजमध्ये सपाट जागी ठेवावा. फ्रिजचा खण तिरका असल्यास तो आधी सरळ करावा. केक तिरका धरल्यावर काही करता येत नाही.

चकाकीचा थर वीस-पंचवीस मिनिटांनी घालावा. त्यातही वेळ चुकते. अनेक जण मधला थर रात्रभर पूर्ण गार होऊ देतात आणि दुसऱ्या दिवशी वर आमरसाची जेली ओततात. कापताना मग ती जेली अख्खी घसरून बशीत येते. पूर्ण धरलेल्या, गार आणि ओलसर थरावर चायना ग्रासचा नवा थर चिकटत नाही. मधला थर बोटाला लागत नाही पण साचा हलवल्यावर अजून थरथरतो, ही योग्य वेळ होय. ती हुकलीच असेल तर वरचा ओलावा टिपकागदाने टिपून, काट्याने बारीक ओरखडे काढून मगच जेली ओतावी.

जेलीची रीत तीच: चायना ग्रास आणि साखर पाण्यात उकळावी, गरम आमरसात मिसळावी आणि दोन-तीन मिनिटे थांबून, हाताला सोसेल इतकी निवल्यावर उलट्या चमच्यावरून सावकाश पसरावी. कढत ओतली तर खालच्या थराला खड्डा पडतो. आंब्याच्या फोडी सजावटीला वापरायच्या असतील तर त्या वाढतानाच ठेवाव्यात. रात्रभर वर राहिलेल्या फोडींना रस सुटतो आणि चकाकी जाते.

टप्पा ६ : थांबणे

किमान सहा तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजच्या खालच्या भागात झाकून ठेवावा. झाकण थेट साच्यावर ठेवल्यास वाफेचे थेंब पृष्ठभागावर पडतात. म्हणून पहिला तास स्वच्छ फडके घालावे आणि नंतर झाकण लावावे. शेजारी लसूण, चिरलेला कांदा किंवा सुके मासे ठेवू नयेत. चक्का आणि क्रीम वास चटकन धरतात.

सावधान: घाईने फ्रिजरमध्ये ठेवू नये. चायना ग्रासने धरलेला थर गोठून पुन्हा सैल झाला की त्याची आतली जाळी तुटते आणि पाणी बाहेर येते. चक्का कोरडा होता, प्रमाण बरोबर होते, तरीही पाणी का सुटले, अशी तक्रार येते तेव्हा केक मध्येच फ्रिजरमध्ये ठेवलेला असण्याची शक्यता बरीच असते.

टप्पा ७ : काढणे, कापणे, नेणे

पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, कडेने एकदाच फिरवावी आणि साच्याची कडी सोडावी. प्रत्येक तुकड्यानंतर सुरी पुन्हा पुसावी. सुरी करवतीसारखी मागे-पुढे न चालवता सरळ खाली दाबावी. बिस्किटांच्या थराशी पोहोचल्यावर थोडा जोर द्यावा.

वरचा थर उकाड्यात टिकला तरी बटरचा तळ टिकत नाही, त्यामुळे केक वाढण्यापूर्वी दहा मिनिटांहून अधिक आधी बाहेर काढू नये. शिवाय तो दुधाचा पदार्थ आहे. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात संपवावा किंवा परत फ्रिजमध्ये ठेवावा; त्याहून गार हवेत ही मर्यादा दोन तासांची धरावी.

ठाण्याहून वाशी-नेरूळला कोणाकडे न्यायचा असल्यास तो साच्यातून मुळीच काढू नये. कडी लावलेला साचा तसाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, डबा बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या खोक्यात सपाट बसवावा आणि सुरी-बटर पेपर वेगळे न्यावेत. ट्रान्स-हार्बर लोकलचा प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचा असतो, पण घरापासून फलाटापर्यंतचा आणि पुढे रिक्षाचा वेळ धरून हिशेब करावा. संध्याकाळच्या गर्दीत खोके आडवे धरून उभे राहणे शक्य नसते, तेव्हा दुपारची गाडी धरावी किंवा केक ग्लासांत करून न्यावा.

बिघडलेच तर

धरलाच नाही, तर तो पुन्हा गॅसवर ठेवू नये. चायना ग्रास वितळण्याइतके तापवल्यास चक्का फाटतो. बिस्किटांचा चुरा खाली घालून ग्लासांत वाढावा, आंबा-श्रीखंडाच्या जवळचा पदार्थ म्हणून तो बिनबोभाट खपतो.

गुठळ्या झाल्या असतील आणि मिश्रण अजून साच्यात ओतले नसेल, तर गाळून उपयोग होत नाही, कारण जे गाळणीवर राहते तेच चायना ग्रास असते. सगळे मिश्रण मिक्सरमधून एकदा फिरवावे. ते पुन्हा कापण्याइतके घट्ट होणार नाही, पण गुळगुळीत होईल आणि वाट्यांत लावता येईल.

तळ फार कडक निघाला, तर तुकडे कापून पंधरा मिनिटे बाहेर ठेवावेत. बटर सैल पडते. तळाचा भुगा झाला असेल तर त्यावर लगेच उपाय नाही, तो भुगा वरून भुरभुरवून वाढावा.

उरलेला केक झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. तिसऱ्या दिवशी तळ ओला पडतो आणि चक्का आंबट होऊ लागतो, म्हणून तेवढ्यातच तो संपवावा.